लॅपटॉपची रिकव्हरी डिस्क आणि स्टार्टअपचा बंदोबस्त

नवा लॅपटॉप घेताना पडद्याचा आकार, रॅमची क्षमता, बॅटरी किती तास टिकते, वॉरंटीची मुदत किती, अशा सर्व बाबींची बारकाईने चौकशी करणारा ग्राहक एक प्रश्न मात्र दुकानदारास सहसा विचारीत नाही. आणि तो हा की, उद्या हे यंत्र सुरूच होईनासे झाले, तर ते पुन्हा उभे करण्याचे साधन या खोक्यात आहे काय? बहुतेक वेळा ते नसते. एके काळी ते असे. विंडोज ९५ आणि ९८ च्या जमान्यात संगणकासोबत विंडोजची सीडी मिळे, आणि यंत्र अडून बसल्यास त्यास चालना देण्यापुरती १.४४ एमबीची एक स्टार्टअप फ्लॉपी घरच्या घरी तयार करण्याची सोयही विंडोजमध्येच असे. पुढे उत्पादकांनी सीडी देणे हळूहळू बंद केले, हार्ड डिस्कचाच एक भाग राखून त्यात मूळ व्यवस्थेची नक्कल ठेवली, आणि तिच्यावरून रिकव्हरी डिस्क तयार करून घेण्याची जबाबदारी ग्राहकाच्या माथी टाकली. विंडोज ७ च्या काळात नव्या यंत्रावर तशी सूचना पडद्यावर वारंवार झळके. ती ‘नंतर पाहू’ म्हणून दूर सारणारे किती होते, हे दुरुस्तीच्या दुकानात बसणाऱ्या कोणासही विचारावे.

आता, डिस्कच्या त्या राखीव भागात सर्व काही असताना निराळी तजवीज कशाला करावी, अशी शंका येणे साहजिक आहे, आणि साधासुधा बिघाड असेल तर तो भाग खरोखरच कामास येतोही. लागोपाठ दोन-तीन वेळा आरंभ फसला, म्हणजे विंडोज आपण होऊन त्या भागातील दुरुस्तीची व्यवस्था पडद्यावर आणते. परंतु ज्या डिस्कवर विंडोज आहे त्याच डिस्कवर तिची नक्कलही आहे, आणि लॅपटॉपच्या आयुष्यात निकामी होण्याचा संभव ज्या भागांना अधिक त्यांत डिस्कची गणना होते. तेव्हा मूळ आणि नक्कल एकाच दिवशी नष्ट व्हावीत अशीच ही रचना आहे. घराची दुसरी किल्ली त्याच घरात कुलूपबंद करून ठेवण्यासारखा हा प्रकार झाला. शिवाय जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवण्याचा शिरस्ता अलीकडे सर्वत्र पडला आहे. त्या वेळी कारागिराने नवी डिस्क कोरी बसवली, तर तो राखीव भाग जुन्या डिस्कबरोबर निघून जातो, आणि मालकास त्याचा पत्ताही नसतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, यंत्र कशावरून सुरू होते आणि सुरू होताना आपल्यासोबत कोणाकोणाला उठवते, या दोन गोष्टी ज्याच्या ताब्यात आहेत तोच त्या यंत्राचा खरा मालक होय. पहिलीसाठी रिकव्हरी ड्राइव्ह लागतो, दुसरीसाठी स्टार्टअपची यादी वाचता यावी लागते. या दोन्ही सोयी सामान्य माणसाच्या हाती सुलभपणे आल्या त्या २०१२ च्या ऑक्टोबरात बाजारात आलेल्या विंडोज ८ पासून. विंडोज १० आणि ११ मध्ये त्या किरकोळ फेरफारांनिशी तशाच आहेत, आणि पुढील विवेचन याच आवृत्त्यांस धरून आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. ‘रिकव्हरी डिस्क’ या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू वावरत असतात. पहिली, विंडोजनेच तयार करून दिलेला रिकव्हरी ड्राइव्ह. तो त्या विशिष्ट यंत्रावरील विंडोजची व्यवस्था सोबत घेतो. दुसरी, मायक्रोसॉफ्टच्या ‘मीडिया क्रिएशन टूल’ने बनवलेला इन्स्टॉलेशनचा पेन ड्राइव्ह, यास ८ जीबीची जागा पुरते, तो कोणत्याही दुसऱ्या चालू संगणकावर बनवता येतो, परंतु त्यात असते ती कोरी विंडोज, तुमच्या यंत्राच्या टचपॅडचे वा वाय-फायचे खास ड्रायव्हर त्यात असतीलच असे नाही. तिसरी, उत्पादकाने दिलेली प्रतिमा. डेल, एचपी, लेनोवो यांच्यासारख्या कंपन्या यंत्राच्या क्रमांकावरून ती उतरवून घेण्याची साधने पुरवतात, आणि तिच्यावरून यंत्र कारखान्यातून निघाले त्या अवस्थेस जाते. यांपैकी एकच करावयाची असेल, तर पहिली करावी, कारण तिच्यासाठी यंत्र निरोगी असावे लागते. बाकीच्या दोन संकट ओढवल्यावरही दुसऱ्याच्या संगणकावर बसून करता येतात. निरोगी असतानाच करण्याजोगे जे काम असते, तेच माणूस पुढे ढकलतो, हे मात्र लक्षात असू द्यावे.

पेन ड्राइव्ह १६ जीबीचा किमान हवा. काही यंत्रे याहून अधिक जागा मागतात, म्हणून ३२ जीबीचा घेतला तर प्रश्नच उरत नाही. तो विश्वासाच्या दुकानातून घ्यावा. अंगावर ६४ वा १२८ चा आकडा छापलेले आणि आत त्याच्या दशांशही जागा नसलेले बनावट पेन ड्राइव्ह बाजारात सर्रास मिळतात. संगणकास ते खोटा आकडा सांगतात, नक्कल पूर्ण झाल्याचा देखावाही करतात, आणि खरी गरज पडते त्या दिवशी त्यांतून काहीच निघत नाही. पेन ड्राइव्हवर पूर्वीचे जे काही असेल ते सर्व पुसले जाणार आहे, म्हणून लग्नाची छायाचित्रे आणि मुलांचे प्रकल्प ज्यात आहेत असा पेन ड्राइव्ह या कामास लावू नये.

लॅपटॉप विजेस जोडून ठेवावा. स्टार्टच्या शोधपट्टीत ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ हे शब्द इंग्रजीत लिहिले की ‘क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह’ हा पर्याय समोर येतो. तो उघडताच विंडोज परवानगी मागते, आणि ती दिल्यावर जी खिडकी येते तिच्यात एक लहानसा चौकोन असतो: सिस्टिम फाइल्सची नक्कल रिकव्हरी ड्राइव्हवर घ्यावी काय, असा त्याचा आशय. या चौकोनात खूण असलीच पाहिजे. ती नसेल तर ड्राइव्ह लवकर तयार होतो आणि लहानशा पेन ड्राइव्हवर मावतोही, परंतु त्याने दुरुस्तीची हत्यारे तेवढी मिळतात, कोऱ्या डिस्कवर विंडोज पुन्हा बसवता येत नाही; आणि पुढे हा भेद ध्यानात येतो तो नेमका डिस्क बदलल्यावर. नंतर यंत्र जोडलेल्या ड्राइव्हची यादी दाखवते. तेथे दोन पेन ड्राइव्ह वा बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली असेल तर चुकीच्या नावावर बोट पडण्याचा धोका असतो, यास्तव कामाचा तेवढा एक ठेवून बाकी सर्व आधीच काढून घ्यावे. ‘क्रिएट’ दाबल्यावर घाई करू नये. यंत्राच्या आणि पेन ड्राइव्हच्या गतीप्रमाणे अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांपर्यंत वेळ लागतो, आणि हिरवी पट्टी मध्येच बराच काळ एका जागी थबकलेली दिसते; ती थबकली म्हणून पेन ड्राइव्ह उपटून काढणारे लोक मी पाहिले आहेत. काम संपल्यावर काही यंत्रांवर, डिस्कवरील राखीव भाग पुसून जागा मोकळी करावी काय, अशीही पृच्छा होते. डिस्क अगदीच लहान नसेल तर त्यास नकार द्यावा. एक साधन मिळाले म्हणून दुसरे टाकून देण्यात शहाणपण नाही.

ड्राइव्ह तयार झाला एवढ्याने काम झाले असे समजून तो कपाटात टाकू नये. त्याच्यावरून यंत्र खरोखर सुरू होते की नाही, याची प्रचीती त्याच दिवशी घ्यावी. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, तेथून रिकव्हरी, आणि तेथे ‘ॲडव्हान्स्ड स्टार्टअप’समोरील ‘रिस्टार्ट नाऊ’ हे बटण दाबले म्हणजे निळा पडदा येतो. विंडोज १० मध्ये ही वाट ‘अपडेट अँड सिक्युरिटी’ या सदरातून जाते. त्या पडद्यावर ‘युज अ डिव्हाइस’ निवडून पेन ड्राइव्हचे नाव घ्यावे. परंतु विंडोज मुळीच उघडत नसेल त्या दिवशी ही वाट उपलब्ध नसणार, म्हणून दुसरी वाटही एकदा चालून पाहावी: यंत्र चालू करताक्षणी ठरावीक कळ टिचकत राहणे. डेल आणि लेनोवोच्या बहुतेक लॅपटॉपांवर ती एफ१२ असते, एचपीवर एस्केप दाबून मग एफ९, असूसवर एस्केप. एसरवर एफ१२च, मात्र तिचा उपयोग होण्यापूर्वी तिला बायॉसमध्ये परवानगी द्यावी लागते. लेनोवोच्या काही यंत्रांच्या कडेला टाचणीने दाबण्याचे एक बारीक छिद्र असते, तेही याच कामाचे. आपल्या यंत्रावर कोणती कळ चालली ते एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी पेन ड्राइव्हसोबत ठेवावी.

पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू झाले म्हणजे प्रथम कळपाटाची मांडणी विचारली जाते, ‘यूएस’ निवडावी. मग ‘ट्रबलशूट’, आणि त्याखाली ‘रिकव्हर फ्रॉम अ ड्राइव्ह’ व ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ हे पर्याय दिसतात. परीक्षा येथे संपली. येथून पुढे एक पाऊलही टाकू नये, कारण ‘रिकव्हर फ्रॉम अ ड्राइव्ह’ हा हुकूम यंत्रावरील तुमच्या सर्व फाइली, सर्व प्रोग्रॅम आणि सर्व मांडणी पुसून विंडोज नव्याने बसवतो. मागे फिरून यंत्र बंद करावे आणि पेन ड्राइव्ह काढून घ्यावा. खरा प्रसंग येईल तेव्हादेखील आधी ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधील ‘स्टार्टअप रिपेअर’, मग नुकतेच बसलेले अपडेट काढणे, मग ‘सिस्टिम रिस्टोअर’, या क्रमाने सौम्य उपाय करून पाहावेत, आणि सर्व पुसणारा उपाय अखेरचा समजावा. यांतील सिस्टिम रिस्टोअर कामास येण्यासाठी त्याची पूर्वतयारी लागते: पुष्कळ लॅपटॉपांवर ‘सिस्टिम प्रोटेक्शन’ मुळातच बंद असते, ते सी ड्राइव्हपुरते चालू करून डिस्कची थोडीशी जागा त्यास नेमून द्यावी.

ज्या बाबीकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि जिच्यापायी सर्वांत अधिक नुकसान होते, ती आता सांगतो. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपांवर डिस्क कूटबद्ध असते. बिटलॉकर वा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या नावाची ही व्यवस्था मालकाने स्वतः चालू केलेली नसली, तरी मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करताच कित्येक यंत्रांवर ती आपोआप चालू झालेली असते. चोराच्या हाती यंत्र गेले तर तिचा मोठा आधार आहे. परंतु मदरबोर्ड बदलला, बायॉसमध्ये काही फेरफार झाला, किंवा पेन ड्राइव्हवरून दुरुस्ती करावयास गेलो, की यंत्र ४८ अंकी किल्ली मागते. सहा-सहा अंकांचे आठ गट असतात. ती किल्ली नसेल तर डिस्कवरील मजकूर मालकासही परत मिळत नाही, कितीही निष्णात कारागीर असो. म्हणून आजच सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या सदराखाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का ते पाहावे, आणि असेल तर आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात दुसऱ्या यंत्रावरून शिरून तेथे नोंदलेली रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. आठ गट लिहून झाले की दुसऱ्या कोणाकडून ते मोठ्याने वाचून घ्यावेत आणि आपण ताडून पाहावेत, जसे दस्त नोंदवताना करतात. तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नये. घरातील महत्त्वाच्या दस्तऐवजांत ठेवावा. खाते कोणाचे, हेही तपासावे: दुकानदाराने वा पुतण्याने यंत्र लावून देताना स्वतःच्या खात्याने प्रवेश केला असेल, तर किल्लीही त्याच्याच खात्यात जाऊन बसलेली असते.

रिकव्हरी ड्राइव्हमध्ये तुमची कागदपत्रे नसतात, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे, कारण ती असतात असा समज फार पसरलेला आहे. त्यांचा बॅकअप हा स्वतंत्र विषय असून त्यास बाहेरची हार्ड डिस्क वा ढगातील साठा लागतो. मराठी लेखन-मुद्रणाचा व्यवसाय करणाऱ्यांनी तर आणखी एक काळजी घ्यावी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, किंवा सी-डॅकचे आयएसएम, यांच्या जुन्या अक्षरसंचांत वर्षानुवर्षे घडवलेल्या पत्रिका, अहवाल आणि पुस्तके आजही तालुक्या-तालुक्याच्या डीटीपी दुकानांत पडून आहेत. हा मजकूर युनिकोडमध्ये नसल्यामुळे तो तो फॉन्ट यंत्रावर नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग तेवढी दिसते. यंत्र नव्याने उभे केले की हे फॉन्ट आणि त्यांचे टंकलेखनाचे प्रोग्रॅम दोन्ही जातात. म्हणून फॉन्टच्या फाइली, मूळ सेटअप आणि परवान्याचा क्रमांक किंवा डोंगल, हे सर्व एका ठिकाणी जपून ठेवावे. आयकर, कंपनी-नोंदणी वा ई-निविदांसाठी डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरणाऱ्यांनी त्याच्या ड्रायव्हरचीही अशीच तरतूद करावी.

ड्राइव्ह वर्षातून एकदा नव्याने करावा, असा मायक्रोसॉफ्टचाच सल्ला आहे, आणि तो योग्य आहे; कारण विंडोजमध्ये मधल्या काळात झालेले बदल जुन्या ड्राइव्हमध्ये उतरलेले नसतात, आणि वापराविना वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या फ्लॅश स्मृतीतील विद्युत्भारही हळूहळू क्षीण होतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे ज्यांनी त्याच यंत्रावर ११ घेतली, त्यांनी जुना ड्राइव्ह रद्द समजावा. विंडोज ७ ची जुनी यंत्रे अजून कोठे कोठे टिकून आहेत. त्यांच्या डीव्हीडी-संचाबद्दल इतकेच सांगतो की, उत्पादकाचे साधन तीन ते पाच डीव्हीडी मागत असे, काही कंपन्या एकच संच करू देत, आणि विंडोज ७ ची स्वतःची ‘सिस्टिम रिपेअर डिस्क’ ही निव्वळ दुरुस्तीची असून तिच्यावरून विंडोज बसवता येत नाही.

आता दुसऱ्या प्रकरणाकडे वळू. हा क्रम मुद्दाम राखला आहे: यंत्राच्या आरंभात हात घालण्यापूर्वी ते पूर्वपदास आणण्याचे साधन हाती असले पाहिजे.

यंत्र जुने झाले म्हणून मंद झाले, असे आपण म्हणतो. पण इलेक्ट्रॉनिक भाग वयोमानाने तसे मंदावत नाहीत. मंदावतो तो आरंभ, आणि त्याचे कारण असे की, बसवलेला प्रत्येक दुसरा प्रोग्रॅम यंत्राबरोबर आपणही उठावे अशी नोंद आपल्या नकळत करून ठेवतो. प्रिंटरचा सहायक, ध्वनिचित्रफितींचा वादक, सभांचे ॲप, खेळांचे दुकान, मोबाइल जोडण्याचे साधन, दोन-तीन निरनिराळे अपडेटर, असे सर्वजण एकाच क्षणी डिस्कवर तुटून पडतात. डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेणारी जुन्या धाटणीची असेल तर तिची सुई प्रत्येकाच्या फाइली शोधीत इकडून तिकडे धावत राहते, आणि आपण कर्सरभोवतीचे निळे वर्तुळ पाहत बसतो. एसएसडीवर हा त्रास पुष्कळ कमी जाणवतो, परंतु रॅम चारच जीबी असेल तर हे न बोलावता आलेले सोबती तिचा मोठा वाटा दिवसभर अडवून ठेवतात, तो प्रश्न एसएसडीने सुटत नाही.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘स्टार्टअप ॲप्स’ या पानावर प्रत्येक प्रोग्रॅमचे नाव, प्रकाशक, तो चालू आहे की बंद, आणि आरंभावर त्याचा भार किती, अशी कोष्टके दिसतात. हा भार अंदाजाने लिहिलेला नसतो: आरंभी प्रोसेसरचा एका सेकंदाहून अधिक वेळ किंवा डिस्कवर ३ एमबीहून अधिक उलाढाल करणारास ‘हाय’, याच्याखाली परंतु ३०० मिलिसेकंद वा ३०० केबी यांच्या वर असणारास ‘मीडियम’, आणि उरलेल्यांस ‘लो’ असा दाखला मिळतो. ‘नॉट मेझर्ड’ म्हणजे मोजमाप झालेले नाही, निरुपद्रवी नव्हे. याच पानावर ‘लास्ट बायॉस टाइम’ म्हणून सेकंदांचा एक आकडा असतो. विंडोजचा अंमल सुरू होण्यापूर्वी यंत्राने घेतलेला तो वेळ होय, आणि तोच मोठा असेल तर प्रोग्रॅम बंद करून काही साधणार नाही. कोष्टकाच्या शीर्षकपट्टीवर उजवी टिचकी मारून ‘कमांड लाइन’ हा स्तंभ उघडून घ्यावा. प्रत्येक प्रोग्रॅम डिस्कवरील नेमक्या कोणत्या ठिकाणाहून उठतो ते त्यात कळते. नुसते ‘प्रोग्रॅम’ एवढेच नाव आणि कोरे चिन्ह असलेली नोंद दिसली, तर ती बहुधा केव्हाच काढून टाकलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरची उरलेली खूण असते.

कोणास राहू द्यावे? विंडोज सिक्युरिटीचे चिन्ह, टचपॅडचा आणि ध्वनीचा प्रोग्रॅम, पडद्याच्या उजेडाच्या व आवाजाच्या खास कळा सांभाळणारे उत्पादकाचे साधन, आणि जो एकच अँटिव्हायरस तुम्ही जाणीवपूर्वक ठेवला आहे तो. मराठी टंकलेखनासाठी बाहेरचा प्रोग्रॅम वापरीत असाल तर तोही. विंडोजमधील इन्स्क्रिप्ट मांडणी, किंवा विंडोज १० च्या २०१९ मधील आवृत्तीपासून मिळणारी मराठी फोनेटिक मांडणी, यांना मात्र वेगळ्या सोबत्याची गरज नसते. वनड्राइव्हबाबत विचार करून निर्णय घ्यावा. कित्येकांच्या डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप या जागा त्याच्याच ताब्यात दिलेल्या असतात, आणि तो उठलाच नाही तर ढगातील प्रत मागे पडत जाते. ही गोष्ट महिन्याने उघडकीस येते. बाकी सभांची ॲप, संगीताची ॲप, अपडेटर, प्रिंटरचे सहायक, यांना निःसंकोच ‘डिसेबल’ करावे. तसे केल्याने ती नष्ट होत नाहीत. आपण उघडली की नेहमीसारखी चालतात, आपण होऊन उठत नाहीत इतकेच.

सर्व नोंदी एकदम बंद करण्याचा मोह मात्र टाळावा. प्रथम मोबाइलने त्या पानाचे छायाचित्र घ्यावे. मग ‘हाय’ भाराच्या एक-दोन नोंदी बंद कराव्यात, ‘रिस्टार्ट’ने यंत्र पुन्हा सुरू करावे, आणि एक दिवस आपले नेहमीचे सर्व व्यवहार, छपाईपासून बँकेपर्यंत, करून पाहावेत. ‘रिस्टार्ट’च म्हणण्याचे कारण असे की, विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असल्यास ‘शटडाउन’ने यंत्र पुरते बंद होत नाही, त्याचा गाभा डिस्कवर जतन करून ठेवला जातो, आणि त्यामुळे खरी कसोटी लागत नाही. काही अडले तर कोणत्या नोंदीने अडले हे अशा रीतीने तत्काळ कळते. अपरिचित नाव आढळल्यास त्यावर उजवी टिचकी मारून ‘ओपन फाइल लोकेशन’ पाहावे, आणि त्या फाइलीच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये कोणाची डिजिटल स्वाक्षरी आहे ते तपासावे, स्वाक्षरी नाही आणि ठिकाण तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरातले, असा योग असेल तर ती नोंद बंद करून अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी लावावी.

इतके करूनही एखादा प्रोग्रॅम उठतोच, अशी तक्रार पुष्कळांची असते, कारण उठण्याच्या वाटा एकाहून अनेक आहेत. सेटिंग्जमधील ‘अकाउंट्स’खाली ‘साइन-इन ऑप्शन्स’मध्ये, मागील वेळी उघडी असलेली ॲप पुन्हा उघडावीत अशी एक कळ असते, ती चालू असल्यास टास्क मॅनेजरमधील बंदीचा काही उपयोग होत नाही. काही प्रोग्रॅम ‘टास्क शेड्युलर’मध्ये आपली नोंद करतात, काही ‘सर्व्हिस’ बनून बसतात. ही सर्व दफ्तरे एका ठिकाणी उघडून दाखवणारे ‘ऑटोरन्स’ नावाचे विनामूल्य साधन मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी तयार केले. त्यांची सिसइंटर्नल्स ही संस्था २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतल्यापासून ते मायक्रोसॉफ्टकडूनच मिळते. त्यात शिरताच ‘हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज’ हा पर्याय लावावा, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदींना धक्का लागण्याची भीती राहत नाही. पिवळ्या रंगाच्या ओळी म्हणजे ज्यांची फाइल जागेवर नाही अशा नोंदी. येथेही नोंद पुसून न टाकता तिच्यापुढची खूण तेवढी काढावी, कारण खूण परत करता येते.

‘एमएसकॉन्फिग’मधील बूटच्या पानावर प्रोसेसरांची संख्या वाढवून लिहिली की यंत्र वेगाने सुरू होते, असा एक उपदेश तोंडोतोंडी फिरत असतो. त्यात तथ्य नाही. तो आकडा कोरा असताना विंडोज सर्व प्रोसेसर वापरतेच, आणि तेथे चुकून कमी आकडा पडला तर उलट नुकसानच होते. यंत्र ‘बूस्ट’ वा ‘क्लीन’ करून देण्याचे आश्वासन देणारे प्रोग्रॅमही बसवू नयेत. त्यांतील बहुतेकजण स्टार्टअपच्या यादीत स्वतःचेच नाव आधी घालतात.

अखेरची एक सूचना. रिकव्हरी ड्राइव्हवरून किंवा उत्पादकाच्या प्रतिमेवरून यंत्र कधी पुन्हा उभे करावे लागलेच, तर स्टार्टअपची यादी पूर्वस्थितीला गेलेली असते. तुम्ही बंद केलेल्या नोंदींचा मागमूस राहत नाही, आणि प्रोग्रॅम एकेक करून बसवत गेलात की त्यांच्या नोंदी पुन्हा भरू लागतात. म्हणून निवड पक्की झाल्यावर टास्क मॅनेजरच्या त्या पानाचे आणखी एक छायाचित्र घ्यावे, ते कागदावर छापून पेन ड्राइव्ह आणि बूटच्या कळीची चिठ्ठी ज्या पाकिटात आहेत त्यातच ठेवावे, आणि पाकिटावर लॅपटॉपचे मॉडेल, विंडोजची आवृत्ती व ड्राइव्ह तयार केल्याची तारीख शाईने लिहावी.